अमृतराव घाटावरील नवी अडत

काशीच्या ज्या घाटाला आज राजा घाट म्हणतात, तो मराठी माणसाच्या स्मरणात अमृतराव घाट म्हणून आहे. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ साली इंग्रजांशी तह करून वर्षाला सात लाख रुपयांचे निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले. पुढे ते काशीत स्थायिक झाले आणि १८२४ साली तेथेच वारले. घाटाचे दगडी बांधकाम आणि यात्रेकरूंना केलेला दानधर्म यांमुळे त्यांचे नाव टिकले. या दानाचा पैसा मुळात रयतेच्या सारावसुलीतून आलेला होता, हे घाटांची स्तोत्रे गाणारे सहसा सांगत नाहीत. तरीही छत्रे आणि धर्मशाळा यांच्या त्या व्यवस्थेत गरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर मिळे. त्या निवाऱ्यात सरदाराची प्रतिष्ठा गुंतलेली असे, भागधारकाचा नफा गुंतलेला नसे.

आज घाटामागच्या बंगाली टोला आणि पांडे हवेलीच्या गल्ल्यांत दारोदारी ‘अतिथिगृह’ आणि ‘होम स्टे’ यांच्या पाट्या दिसतात. घरातील एक-दोन खोल्या प्रवाशांना चार-आठ दिवसांच्या भाड्याने देऊन अनेक कुटुंबे आपला चरितार्थ चालवितात. प्रवासी त्यांच्याकडे येतो तो मात्र एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम, मेकमायट्रिप यांसारख्या कंपन्यांच्या मार्फत. या कंपन्या प्रत्येक रात्रीच्या भाड्यातून ‘सेवाशुल्क’ कापून घेतात. हे शुल्क कोणाकडून किती घ्यावे, हा हिशेबनिसांचा किरकोळ तांत्रिक प्रश्न आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. शुल्काचा साचा कोणताही असो, त्याचा भार अखेर ज्याच्या हाती किंमत ठरविण्याची सत्ता नाही त्याच्यावरच येऊन पडतो. म्हणून हा प्रश्न सत्तेचा आहे, आणि म्हणूनच तो आपल्या पक्षाच्या विचाराचा विषय आहे.

शुल्काचे दोन साचे

काशीच्या पंड्याच्या वहीत ‘यजमान’ म्हणजे बाहेरगावचा यात्रेकरू. कंपन्यांच्या भाषेत हा शब्द उलटा झाला आहे. तेथे खोली देणारे कुटुंब म्हणजे यजमान आणि येणारा तो पाहुणा. या लेखात हे शब्द त्याच अर्थाने वापरले आहेत.

हिशेबासाठी रात्रीला १,५०० रुपये भाड्याची एक खोली घेऊ. एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीने बरीच वर्षे चालविलेल्या पहिल्या साच्यात शुल्क दोघांत विभागलेले होते. यजमानाकडून ३ टक्के आणि पाहुण्याकडून सुमारे १४ टक्के. यजमानाचे ४५ रुपये जात, त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे आणखी ८ रुपये जात, आणि हाती १,४४७ रुपये येत. पाहुण्याला खोलीवरील कर सोडून शुल्क आणि शुल्कावरील कर यांसह १,७४८ रुपये पडत.

दुसऱ्या साच्यात पाहुण्याकडून वेगळे शुल्क घेतले जात नाही. सर्व रक्कम यजमानाच्या भाड्यातून कापली जाते. ऑक्टोबर २०२५ पासून याच कंपनीने व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जोडून काम करणाऱ्या यजमानांना १५.५ टक्क्यांच्या एकेरी शुल्कावर आणले. बुकिंग डॉट कॉमचा व्यवहार पहिल्यापासूनच या जातीचा आहे. १,५०० रुपयांवर १५.५ टक्के आणि त्यावरील कर मिळून २७४ रुपये कापले जातात. यजमानाच्या हाती १,२२६ रुपये राहतात. म्हणजे त्याच खोलीमागे, त्याच कष्टांमागे, दर रात्री २२१ रुपये कमी.

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते. यजमानाने भाडे १,७७१ रुपये करावे, म्हणजे त्याच्या हाती पूर्वीइतकेच १,४४७ रुपये येतील, आणि पूर्वी १,७४८ देणाऱ्या पाहुण्याला फक्त २३ रुपये जास्त पडतील. अंकगणित बिनचूक आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. यजमान आपले भाडे स्वतःच्या मर्जीने वाढवू शकतो, हीच ती गोष्ट होय.

किंमत कोण ठरवितो?

पाहुण्याच्या हातातील पडद्यावर काशीतील शेकडो खोल्या एकाखाली एक येतात. त्यांचा क्रम यजमान ठरवीत नाही, कंपनीची गणितपद्धती ठरविते, आणि ती कशी चालते हे यजमानाला पूर्णपणे कधीच सांगितले जात नाही. भाडे वाढविणारा खाली ढकलला जाण्याच्या भीतीत राहतो. शेजारच्या खोलीने भाडे वाढविले नाही, तर वाढविणाऱ्याची खोली रिकामी राहते. रिकामी गेलेली रात्र उद्या विकता येत नाही. भाजीपाला घेऊन बाजारात आलेल्या शेतकऱ्यासारखीच ही स्थिती आहे. माल नाशवंत, आणि थांबण्याची ताकद समोरच्याकडे.

यात सवलतींची भर पडते. बुकिंग डॉट कॉमच्या ‘जीनियस’ योजनेत वारंवार येणाऱ्या ग्राहकाला किमान १० टक्के सूट दिली जाते. ती सूट कंपनीच्या दलालीतून जात नाही, यजमानाच्या भाड्यातून जाते. सूट जाहीर होते कंपनीच्या नावाने, ग्राहक बांधला जातो कंपनीशी, खर्च मात्र खोलीवाल्याचा. यादीत वरचे स्थान हवे असेल तर जास्त दलालीच्या योजना आहेत. म्हणजे जाहीर केलेला टक्का हा केवळ पायाचा दगड असतो.

तिसरी बेडी समान किमतीच्या अटीची. आमच्याकडे जो दर लावाल त्यापेक्षा कमी दर दुसरीकडे लावू नका, अशी ही अट असते. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३.४८ कोटी रुपये आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. हॉटेलांवर लादलेल्या अशा अटी आणि ओयोच्या प्रतिस्पर्ध्यांना यादीतून वगळण्याचा व्यवहार हे त्या प्रकरणाचे मुख्य मुद्दे होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मध्ये, अशा अटी बुकिंग डॉट कॉमच्या व्यवसायासाठी अपरिहार्य मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. ज्याला स्वतःच्या दारात स्वतःच्या खोलीचा दर उतरविण्याची मुभा नाही, त्याला ‘स्वतंत्र उद्योजक’ म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

टक्का कशावर मोजायचा?

नफ्याचा दर आणि शोषणाचा दर यांतील फरक मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथात दाखविला आहे. तेच अतिरिक्त मूल्य संपूर्ण गुंतवणुकीशी ताडून पाहिले की लहान दिसते. केवळ मजुरीवर खर्च झालेल्या भागाशी ताडले की त्याचे खरे स्वरूप उघड होते. सेवाशुल्काच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवली पाहिजे. येथे मालक-मजुराचे सरळ नाते नाही, पण टक्केवारीचा पाया बदलून वस्तुस्थिती झाकण्याची युक्ती तीच आहे.

१५.५ टक्के हा आकडा एकूण भाड्यावरचा आहे. पण १,५०० रुपये हे काही त्या कुटुंबाचे उत्पन्न नव्हे. वीज, पाणी, चादरी-टॉवेल धुण्याची मजुरी, सकाळचा नाश्ता, दुरुस्ती, रंगरंगोटी आणि रिकाम्या दिवसांचा बोजा त्यातून भागवावा लागतो. समजा या खर्चात ९०० रुपये गेले, तर शुल्कापूर्वी कुटुंबाच्या कष्टाचा मोबदला ६०० रुपये उरतो. कापले गेलेले २७४ रुपये या ६०० मधून जातात. म्हणजे कुटुंबाच्या खऱ्या कमाईवर हा टक्का जवळजवळ ४६ होतो. एअरबीएनबीच्या पद्धतीत यजमानाने वेगळा लावलेला सफाईचा आकारही शुल्काच्या हिशेबात धरला जातो. म्हणजे चादरी धुणाऱ्या बाईच्या मजुरीवरही कंपनीची अडत आहे.

आणि हे कष्ट बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीचे असतात. पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यासाठी जागणे, अरुंद जिन्यांवरून पाणी आणि अंथरूण वर चढविणे, स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्याच्या शेऱ्याची धास्ती, या सर्वांची नोंद कंपनीच्या हिशेबात ‘पाहुणचार’ या एका गोड शब्दाखाली होते. पाहुणचाराला मजुरी नसते, म्हणून तो स्वस्त पडतो.

कटौती आणि अडत

अमृतराव घाटापासून चालत थोड्या अंतरावर मदनपुरा ही विणकरांची वस्ती आहे. बनारसी साडीचा विणकर माग स्वतःच्या घरात चालवितो, बायका-मुले कांड्या भरतात, पण सूत येते गिरस्ताकडून आणि साडी जाते गद्दीदाराकडे. दोष दाखवून मोबदल्यातून रक्कम कापण्याच्या रिवाजाला तेथे ‘कटौती’ म्हणतात. कारखान्याच्या भिंती न बांधता घराघरांतील श्रम एका व्यापाऱ्याच्या दावणीला बांधण्याची ही पद्धत भांडवलशाहीच्या बालपणापासून चालत आलेली आहे. पाहुणचाराच्या धंद्यात तीच पद्धत नव्या यंत्रासह अवतरली आहे. घर, खाट आणि श्रम कुटुंबाचे. बाजाराची किल्ली कंपनीची.

महाराष्ट्रातील वाचकाला याहून जवळचा दाखला बाजार समितीचा आहे. तेथे अडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील अडत खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. निर्णय योग्य दिशेचा होता. पण अडत कागदावर कोणाच्या नावे पडते एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. भाव पाडण्याची ताकद व्यापाऱ्याकडे राहिली, तर खरेदीदाराने भरलेली अडत भाव कमी करून शेतकऱ्याकडूनच वसूल करता येते. विभागलेले शुल्क की एकेरी शुल्क, हा वाद याच जातीचा आहे. पहिल्या साच्यात भार पाहुण्यावर दिसतो आणि दुसऱ्यात यजमानावर. दोन्हींत कंपनीचा वाटा सुरक्षित राहतो.

काशीत दलाली नवी नाही. यात्रेकरूला गाठून पंड्याकडे वा धर्मशाळेकडे नेणारे मध्यस्थ पूर्वीपासून होते. आजही स्थानकावरून प्रवासी आणणारा रिक्षावाला अतिथिगृहाकडून कमिशन मागतो. त्या दलालीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तिला पर्याय असे. दलालाला टाळून पत्ता विचारीत घर गाठता येई, आणि समाधान झालेला पाहुणा पुढच्या वेळी थेट येई. नवा दलाल पत्ताच आपल्या हाती ठेवतो. आरक्षण पक्के होईपर्यंत यजमान आणि पाहुणा यांना एकमेकांचा संपर्क साधता येऊ नये, अशीच रचना असते.

जोखीम कोणाची, नफा कोणाचा?

मार्च २०२० मध्ये साथीमुळे जगभरचा प्रवास थांबला, तेव्हा एअरबीएनबीने यजमानांनी ठरविलेल्या रद्दीकरणाच्या अटी बाजूला सारून पाहुण्यांना पूर्ण परतावा दिला. पाहुण्यांना पैसे परत मिळाले हे न्याय्यच होते. पण तो परतावा प्रामुख्याने यजमानांच्या येणे रकमेतून गेला. ओरड झाल्यावर कंपनीने २५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि रद्द झालेल्या आरक्षणांवर यजमानाला नियमाप्रमाणे जे मिळाले असते त्याचा चौथा हिस्सा देऊ केला. त्याच वर्षी १० डिसेंबरला कंपनीचे भाग बाजारात आले. पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या पुढे गेला आणि कंपनीचे बाजारमूल्य काही काळ १०० अब्ज डॉलरवर पोचले. संकटाची वाटणी आणि संपत्तीची वाटणी यांचा असा उघडा ताळेबंद एकाच वर्षात क्वचितच पाहायला मिळतो.

कंपनी काहीच करीत नाही, असे आमचे म्हणणे नाही. परक्या देशातील प्रवाशापर्यंत घाटावरील खोलीची माहिती पोचविणे, पैशांची सुरक्षित देवघेव, भाषांतर, तक्रारनिवारण ही खरी कामे आहेत, आणि एकट्या कुटुंबाला ती जमणार नाहीत. प्रश्न त्यांच्या किमतीचा आहे. २०२४ या वर्षात एअरबीएनबीमार्फत सुमारे ८२ अब्ज डॉलरची आरक्षणे झाली, त्यातून कंपनीला ११ अब्ज डॉलर उत्पन्न मिळाले आणि २.६ अब्ज डॉलर निव्वळ नफा राहिला. नवीन खोली बांधावी लागत नाही, चादर धुवावी लागत नाही, पूर आला तर तळमजला उपसावा लागत नाही. सेवेच्या खर्चापलीकडे घेतला जाणारा हा भाग बाजाराच्या दारावर बसून घेतलेला खंड आहे.

सरकारची भूमिका

१३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ कॉरिडॉरचे उद्घाटन झाले. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या आणि दुकानदार, भाडेकरू व घरमालक मिळून सुमारे १,४०० जणांचे पुनर्वसन केले, असे सरकारनेच सांगितले आहे. यात्रेकरूंची संख्या प्रचंड वाढली, आणि तिचा गवगवाही पुष्कळ झाला. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने होम स्टे धोरण मंजूर करून राहत्या घरातील सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंत नोंदणीची सोय केली. अशा धोरणांचा रोख नोंदणी आणि प्रोत्साहन यांवर असतो. वाढलेल्या उत्पन्नातून दलालाने किती न्यावे, हा प्रश्न त्यांच्या बाहेरच राहतो.

करांचीही गोष्ट अशीच आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिवसाला १,००० रुपयांच्या आतील खोल्यांची करमाफी काढून त्यांवर १२ टक्के कर लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला गेला. लहान यजमान वार्षिक उलाढालीच्या मर्यादेखाली असल्याने थेट आलेल्या पाहुण्याकडून त्याला हा कर घ्यावा लागत नाही. तोच पाहुणा कंपनीमार्फत आला की कंपनीने तो कर वसूल करून भरावा लागतो. म्हणजे लहान व्यावसायिकाला दिलेली सूट कंपनीच्या दारातून जाताना गळून पडते.

घरमालक सारे एक नाहीत

येथे वर्गदृष्टी सोडून चालणार नाही. स्वतः राहत असलेल्या घरातील खोली देणारे कुटुंब आणि पाच-दहा हवेल्या भाडेपट्ट्याने घेऊन त्यांची ‘होम स्टे’ बनविणारा कंत्राटदार हे दोघेही कंपनीच्या यादीत ‘यजमान’ असतात. पहिला आपल्या श्रमावर जगतो. दुसरा इतरांच्या श्रमावर आणि जागेच्या टंचाईवर जगतो. एकेरी शुल्क दुसऱ्याला पेलते, कारण शंभर खाटांवर तो खर्च पसरवू शकतो आणि भाव थांबवून धरू शकतो. पहिल्याला ते पेलत नाही. शुल्काचा बोजा वाढत जातो तसा लहान यजमान आपली खोली कंत्राटदाराच्या हवाली करतो आणि धंदा एकवटत जातो.

रात्रीच्या भाड्याचा मोह वाढला की जुन्या भाडेकरूवर गदा येते. उत्तर प्रदेशात १९७२ च्या भाडेनियंत्रण कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली आणि भाडेकरूचे जुने संरक्षण कमी झाले. बार्सेलोना नगरपालिकेने जून २०२४ मध्ये शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले, ते स्थानिक रहिवाशांच्या घरभाड्याच्या प्रश्नामुळेच. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून, यजमान स्वतः घरात राहत असेल तरच तीस दिवसांच्या आतील भाडे, असा नियम कडकपणे लागू केला. लहान यजमानाची बाजू घेताना आपण भाडेकरूला आणि चादरी धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या कामगाराला मागे ठेवू शकत नाही. शुल्कात वाचलेला रुपया त्यांच्यापर्यंतही पोचला पाहिजे.

मागण्या आणि कार्य

पहिली मागणी अशी की, यजमान आणि पाहुणा या दोघांकडून घेतलेले शुल्क एकत्र मोजून त्यावर कायद्याने कमाल मर्यादा घालावी, आणि राहत्या घरातील लहान यजमानांसाठी ती सर्वांत कमी असावी. प्रत्येक बिलावर पाहुण्याने किती दिले, कंपनीने किती घेतले आणि घराला किती मिळाले, हे तिन्ही आकडे छापले जावेत. सफाई आणि भोजन यांच्या आकारावर शुल्क नसावे.

दुसरी, समान किमतीच्या अटींवर स्पष्ट बंदी, यजमानाच्या लेखी संमतीवाचून सूट लादण्यास मनाई, आणि सुनावणीशिवाय खाते बंद करण्यास मनाई. तिसरी, होम स्टेचा परवाना घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यालाच, आणि भाडेकरू काढून रिकाम्या केलेल्या जागेला परवाना नाही. चौथी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीत प्रवास व आतिथ्य क्षेत्रातील मध्यस्थ कंपन्यांचा समावेश आहे. श्रमसंहितांना आपला विरोध कायम ठेवूनही, या कंपन्यांच्या अंशदानातून सफाई, धुलाई आणि स्वयंपाक करणाऱ्या कामगारांना लाभ मिळावा, असा आग्रह धरला पाहिजे.

पाचवी मागणी पर्यायाची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळच्या डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने ‘केरळ सवारी’ ही सार्वजनिक टॅक्सीसेवा ८ टक्के सेवाशुल्कावर सुरू केली. खासगी मक्तेदारांशी झुंजताना तिला अडचणी आल्या, पण दलालीचा दर ही निसर्गाची आज्ञा नाही, एवढे तिने सिद्ध केले. राज्य पर्यटन खाती आणि यजमानांच्या सहकारी संस्था यांनी मिळून खोल्यांच्या आरक्षणाची अशी सेवा चालविणे अशक्य नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने यात पुढाकार घ्यावा.

कारण हा प्रश्न काशीपुरता नाही. पंढरपुरात काशीच्या धर्तीवर कॉरिडॉरची योजना पुढे आली आणि स्थानिक रहिवाशांनी तिला विरोध केला. त्याच पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविण्यासाठी १९७३ चा कायदा करावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल येण्यास २०१४ साल उजाडले. देव आणि भक्त यांच्यामधील मध्यस्थ हटविण्यास चार दशके लागली. पाहुणा आणि घर यांच्यामधील नवा मध्यस्थ आज पाय रोवीत आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आणि गोव्यातही तेच घडत आहे. तेथील आपल्या शाखांनी लहान यजमान, भाडेकरू आणि घरकामगार यांची आपापल्या गावी पाहणी करावी, कंपन्यांची बिले गोळा करून हिशेब लोकांपुढे मांडावेत, आणि या तिन्ही घटकांना एका मागणीपत्रावर आणावे. एकट्या खोलीवाल्याला कंपनी यादीतून सहज वगळू शकते. संपूर्ण गल्ली संघटित झाली, तर घाटाची यादी कंपनीला त्या गल्लीवाचून पुरी करता येणार नाही.